आधी मायनस

आधी मायनस काढायचा.
हे मी जुबेरला रोज सांगतो, तो रोज विसरतो,
पाना घेऊन पहिला प्लसकडेच जातो पोरगा
आणि मी ओरडतो, थांब बे.

मानकापूर चौकाच्या अलीकडे माझं शेड. मे महिना.
टिनाखाली बोनट उघडलं की आतली वाफ
बाहेरच्या हवेपेक्षा फार वेगळी लागत नाही.
खोब्रागडे मॅडमची पद्मिनी, फिकट बदामी,
सेल्फ मारला की नुसती उसासे टाकते.
"बॅटरी दिवाळीतली आहे," त्या म्हणाल्या,
"वॉरंटीचं कार्ड पर्समध्ये आहे."
तीस वर्षं बँकेत नोटा मोजल्या त्यांनी,
शब्दही मोजूनच देतात.

हिची बॅटरी डिक्कीत.
बोनटखाली तिच्या जागेवर एसीचा कंप्रेसर,
अकरा वर्षांपूर्वी नवतपा लागायच्या आत
घाईघाईत बसवलेला.
म्हणजे बॅटरी मागं, इंजिन पुढं,
मधे अख्खी गाडी,
तेवढी वाट करंटनं चालत यायची.

मागची सीट काढली. चटई उचलली.
खाली संत्र्याच्या वाळक्या साली, एक चाराणा,
आणि वायर.
लाल. करंगळीच्या निम्मी.
एवढी तर लोक कूलरला लावतात.
पत्र्यातून पुढं जाते त्या भोकाला रबर नाही,
पत्र्याची कड अकरा वर्षं तिला कुरतडत होती.
नखाएवढं तांबं उघडं पडलं होतं.
फ्यूज शोधला. नव्हता. कुठंच नव्हता.
आणि डिक्कीत, बॅटरीच्या शेजारी, पेट्रोलची टाकी.

कोण्या गाढवानं, म्हणालो मी,
आणि तिथंच थांबलो.
टेप गुंडाळायची ती रीत,
दोन वेढे सुलटे, एक उलटा, टोक आत दुमडलेलं.
एकाच माणसाला तसं करताना पाहिलंय मी,
आणि तो रोज सकाळी आरशात दाढी करतो.

"मॅडम, तेव्हा हे काम..."
"तुम्हीच केलं," त्या म्हणाल्या.
"कॉटन मार्केटच्या दुकानात होतात तुम्ही तेव्हा.
पावती आहे. वायरिंगसकट अठराशे. खाली सही, बोकडे.
म्हणून तर शोधत आले."

जुबेर माझ्याकडं पाहत होता.
मी त्याला चहा आणायला पाठवलं.
मग त्या उघड्या तांब्यावर बोट ठेवून
सगळं सांगितलं त्यांना.
त्या काही बोलल्या नाहीत.
स्टुलावर बसून पंख्याची पाती मोजत राहिल्या बहुतेक.

गड्डीगोदामहून वेल्डिंगची केबल आणली, अंगठ्याएवढी.
लग हातोडीनं नाही ठोकले, प्रेसमध्ये दाबले,
ओढून पाहिले, पुन्हा ओढून पाहिले.
पेट्रोलच्या नळीची बाजू सोडून दुसरीकडून वाट काढली,
सायलेन्सरपासून लांब,
प्रत्येक भोकाला रबर, प्रत्येक वीतभर क्लिप.
फ्यूज बॅटरीला लागूनच.
पुढं इंजिनापाशी लावून काय उपयोग,
दार घराला पाहिजे, गल्लीच्या तोंडाला नाही.
डिक्कीतला रंग खरवडून पत्रा चमकेपर्यंत घासला,
तिथं मायनसचा बोल्ट. वरून व्हॅसलीन.
पुढं इंजिनापासून बॉडीला नवी पट्टी.
बॅटरीला लोखंडी पट्ट्यानं आवळलं,
तिच्या वाफेची नळी फरशीतून बाहेर काढली.
जुबेरला प्रत्येक जागी हात लावायला लावला.
"काहून इतकं, उस्ताद?"
"लाव."

संध्याकाळचे सात. टिन अजून तापलेलंच.
प्लस लावला. मायनस शेवटी.
ठिणगी एवढीशी, निळी.
मॅडमनी किल्ली फिरवली
आणि गाडीनं उसासा टाकलाच नाही,
एकदम बोलायला लागली.

पैसे घेणार नाही म्हणालो.
त्यांनी पर्समधून पेन काढलं, माझं पावतीबुक ओढलं.
"केबलचे लिहा. मजुरी लिहा. फ्यूज लिहा,
तेव्हा लिहिलेला नव्हता.
पण आधी ते जुने अठराशे वजा करा.
बेरीज मग."